शब्दशंका : ‘आधी मी’ म्हणणारे शब्द

स्वतःला पुढे काढणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. घोळ होतो तो कुठला शब्द कुणाला लावायचा याचा. या वेळी निवडलेले प्रश्न सगळे त्याच घराण्यातले आहेत.

‘अप्पलपोटा’ आणि ‘स्वार्थी’ यांत फरक काय? ‘अप्पलपोटी माणूस’ असंही वाचायला मिळतं. ते चूक का? — एक वाचक, सांगली

फरक पोटाचा आहे. अप्पलपोटा म्हणजे ज्याला आपलं पोट तेवढं दिसतं तो. डब्यात चार लाडू आहेत, घरात माणसं चार आहेत आणि एकाने तीन संपवले. तो अप्पलपोटा. त्याने काही कट केलेला नसतो. वस्तू समोर होती, भूक होती, बाकीचे तिघे त्या क्षणी आठवले नाहीत, एवढंच. स्वार्थाला मात्र हिशेब लागतो. आज याच्याशी गोड बोललं तर सहा महिन्यांनी आपलं काम होईल, हा स्वार्थ. म्हणूनच आई मुलाला ‘अप्पलपोटा आहेस नुसता’ म्हणते तेव्हा त्या रागात अर्धं हसू असतं. त्याच मुलाला ती ‘स्वार्थी’ म्हणाली तर ते त्याला पुष्कळ दिवस लागून राहील.

दुसरी खूण अशी की, अप्पलपोटेपणात ज्याचा वाटा गेला तो माणूस बहुधा जवळच असतो. भावंड, डब्याला बसलेला सोबती, पंगतीतला शेजारी. हजार मैलांवरच्या कंपनीच्या धोरणाला अप्पलपोटं म्हटलं की शब्द थोडा ताणला जातो. अग्रलेखात तो चालतो, कारण तिथे लेखकाला मुद्दाम स्वयंपाकघरातली शिवी वापरायची असते. वृत्तात मात्र ‘स्वार्थी’ किंवा ‘संकुचित’ बरं.

आता रूपांबद्दल. हे आकारान्त विशेषण असल्याने ते बदलतं : अप्पलपोटा मुलगा, अप्पलपोटी मुलगी, अप्पलपोटं पोर, अप्पलपोटे लोक, अप्पलपोट्या माणसाला. ‘स्वार्थी’ बदलत नाही : स्वार्थी मुलगा, स्वार्थी मुलगी, स्वार्थी लोक. घोटाळा इथेच झाला. ‘स्वार्थी’, ‘मतलबी’ यांच्या पंगतीला बसून ‘अप्पलपोटी’सुद्धा न बदलणारं विशेषण झालं आणि ‘अप्पलपोटी माणूस’ छापून येऊ लागलं. वापर इतका पसरलाय की त्याला अशुद्ध ठरवून फारसं हाती लागणार नाही. पण भाववाचक नाम करताना जुनी घडण पाळावी : मोठा–मोठेपणा, खोटा–खोटेपणा, तसं अप्पलपोटा–अप्पलपोटेपणा. ‘अप्पलपोटीपणा’ कानाला खटकतंच. लिहिताना कुणी ‘आपलपोटा’ करतात, कुणी ‘आप्पलपोटा’. बोलताना पहिला स्वर आखूडच पडतो, म्हणून आम्ही ‘अप्पलपोटा’ लिहितो.

आमच्याकडे गुजराती शेजारी अशा माणसाला ‘एकलपेटुं’ म्हणतात. हाच शब्द मराठीत ‘एकलकोंडा’ झाला का? — एक वाचक, बडोदा

नाही. एकलपेटुं हा अप्पलपोट्याचा सख्खा चुलतभाऊ. तिथेही पोट आहे, फक्त ‘आपलं’च्या जागी ‘एकट्याचं’ आलं. दोन शेजारभाषांना स्वतःपुरतं पाहणारा माणूस दाखवायला जेवणाचीच जागा सुचली, हे मजेदार आहे.

एकलकोंडा मात्र निराळा. तो कुणाच्या वाट्याला हात लावत नाही. त्याला माणसांत मिसळायचं नसतं, एवढंच. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारा एकलकोंडा असतो. जिलबीचं ताट त्याच खुर्चीखाली सरकवून ठेवणारा अप्पलपोटा. एकाच माणसात दोन्ही गुण असू शकतात, पण एका शब्दावरून दुसरा गृहीत धरू नये.

मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘स्वार्थी क्रियापद’ असं आहे. क्रियापद स्वार्थी कसं? ती खोखो हसली आणि मलाही सांगता आलं नाही. — एक पालक, नाशिक

हसण्यासारखंच आहे. इथल्या ‘स्वार्थ’चा फोड करून अर्थ घ्यायचा : स्व + अर्थ, म्हणजे स्वतःचा मूळचा अर्थ. ‘मुलं खेळतात’ या वाक्यात क्रियापद खेळण्याची क्रिया आणि तिचा काळ सांगतं. त्यापलीकडे बोलणाऱ्याची आज्ञा, इच्छा, अट असं काही चिकटलेलं नाही. म्हणून ते स्वार्थी. ‘मुलांनो, खेळा’ यात आज्ञा आली, तो आज्ञार्थ. ‘मुलांनी खेळावं’ यात कर्तव्य किंवा इच्छा आली, तो विध्यर्थ. ‘पाऊस थांबला असता तर मुलं खेळली असती’ यात एक गोष्ट दुसरीवर अवलंबून राहिली, तो संकेतार्थ. मुलीला ओळखायला सोपी युक्ती : वाक्य ऐकून ‘बरं, मग?’ एवढंच म्हणता आलं तर बहुतेक वेळा स्वार्थ.

संस्कृत व्याकरणात ‘स्वार्थे’ लागणारे प्रत्ययही आहेत. लागतात, पण मूळ शब्दाचा अर्थ बदलत नाहीत. ‘बाल’ला ‘क’ लागून ‘बालक’ झालं, मूल तेच राहिलं.

यावरून एक ध्यानात यावं की ‘स्वार्थ’ हा शब्द जन्मतः वाईट नव्हता. भर्तृहरीच्या नीतिशतकात माणसांची एक प्रसिद्ध वर्गवारी आहे. स्वार्थ सोडून दुसऱ्याचं काम करणारे ते सत्पुरुष. आपल्या स्वार्थाला धक्का न लावता दुसऱ्यासाठी झटणारे ते सामान्य. आपल्या स्वार्थासाठी दुसऱ्याचं हित मारणारे ते माणसातले राक्षस. आणि काही कारण नसताना दुसऱ्याचं हित मारणारे जे आहेत, त्यांना काय म्हणावं ते कवीलाही समजत नाही. यातली दुसरी ओळ महत्त्वाची. तिथे स्वार्थ आहे, शाबूत आहे, आणि तरी त्या माणसाला कुणी शिवी दिलेली नाही. वामन पंडितांनी सतराव्या शतकात भर्तृहरी मराठीत आणला तेव्हा ही वर्गवारीही मराठीत आली. आज आपण ‘स्वार्थ’ म्हणताच तिसऱ्या ओळीवर उडी मारतो. चांगल्या अर्थी बोलायचं असेल तर हल्ली ‘स्वहित’ वापरावं लागतं.

‘अहमहमिका’ म्हणजे गर्विष्ठपणा का? आणि नेमकं लिहायचं कसं? आमच्या मंडळाच्या अहवालात तीन जागी तीन तऱ्हेने छापलं गेलं. — एक वाचक, नागपूर

आधी लेखन. अ-ह-म-ह-मि-का, सहा अक्षरं, अनुस्वार नाही. अहम् आणि पुन्हा अहम्. पहिल्या अहम्‌च्या पायमोडक्या म्‌मध्ये दुसऱ्याचा अ मिसळतो आणि ‘अहमहम्’ होतं, त्यापुढे इका. ‘अहंमहमिका’ लिहिलं की म्‌ची दोनदा वसुली होते, एकदा टिंबात आणि एकदा अक्षरात. ‘अहमहिका’मध्ये दुसरा मी अर्धवट राहतो. ‘अहमिका’त तो पुरता गायब होतो, आणि दुसरा मीच नसेल तर अहमहमिका कसली! शब्द स्त्रीलिंगी : ती अहमहमिका, अहमहमिकेने, अहमहमिकेत.

आता अर्थ. अमरकोशात क्षत्रियवर्गात, म्हणजे लढाईच्या शब्दांच्या आसपास, तीन शब्द शेजारी शेजारी दिलेत. ‘मी आधी, मी आधी’ म्हणत पुढे धावणं ती अहंपूर्विका. (इथे अनुस्वार बरोबर आहे, कारण पुढे व्यंजन आहे.) दर्पाने स्वतःला मोठं मानणं ती आहोपुरुषिका. आणि एकमेकांशी चालणारा अहंकार ती अहमहमिका. पहिल्या दोघी मराठीत नांदल्या नाहीत. तिसरीने पहिलीचंही काम अंगावर घेतलं, म्हणून मराठीत अहमहमिका म्हणजे पुढे जाण्यासाठी लागलेली चढाओढ.

एसटी फलाटाला लागते आहे, गाडी अजून पुरती थांबलेली नाही आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, क्वचित एखादं लहान मूलसुद्धा आत जातंय. ही अहमहमिका. इथे कुणी एक माणूस दोषी नाही. प्रत्येक जण ‘मी’ म्हणतोय आणि प्रत्येकाचा ‘मी’ दुसऱ्याच्या ‘मी’मुळे जोरात आहे. शब्दात अहम् दोनदा आहे तो याचसाठी. त्यामुळे ‘अध्यक्षांच्या अहमहमिकेमुळे काम अडलं’ हे वाक्य चूक. एकट्या अध्यक्षांचा अहंकार असेल, अहंमन्यता असेल, हेका असेल. अहमहमिका लागायला किमान दोघं हवेत. तुमच्या अहवालात अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष दोघं असतील तर शब्द चालून जाईल.

गर्विष्ठपणा असा तिचा अर्थ नाही, आणि ती नेहमी वाईटच असते असंही नाही. पुरानंतर मदत पाठवण्यात गावागावांत अहमहमिका लागली, हे कौतुकाने म्हणता येतं. जवळचे शब्द मात्र एकमेकांच्या जागी बसवू नयेत. चुरस म्हणजे निकालाची खात्री नसणं. रस्सीखेच म्हणजे एकच वस्तू आणि दोन बाजूंनी ओढ. अहमहमिकेत वस्तू पुष्कळही असू शकतात. ती आपल्याला आधी मिळावी, एवढ्यासाठी धावाधाव असते.

निःस्वार्थी, निस्वार्थी की निःस्वार्थ? — एक वाचक, लातूर

विसर्ग हवा. ‘निःस्वार्थ’ हे मुळातच विशेषण आहे (स्वार्थ नसलेला), त्यामुळे काटेकोर लिहिणारे पुढे ई लावत नाहीत, जसं निरपराध, निरपराधी नव्हे. ‘निःस्वार्थी’ मात्र आता इतकं रुळलंय की आम्ही ते कापत नाही. ‘निःस्वार्थ सेवा’ आणि ‘निःस्वार्थी माणूस’ अशी वाटणी बरेच जण आपोआप करतात, ती ठीक आहे. ‘निस्वार्थ’ टाळावं.

‘आपली पोळी भाजून घेणे’, ‘तुंबडी भरणे’, ‘घोडं दामटणे’ हे सगळे एकाच अर्थाचे वाक्प्रचार आहेत का? परीक्षेत एकाचा अर्थ दुसऱ्याला लिहिला तर गुण द्यावेत का? — एक शिक्षिका, सोलापूर

अर्धे गुण द्या. चौघांचं क्षेत्र वेगळं आहे. (चौथी टिमकी, ती आम्ही घालतो.) पोळी संधीची, तुंबडी पैशाची, घोडं मताचं किंवा मागणीचं, टिमकी बढाईची. सभेत इतरांना बोलू न देता आपलाच ठराव रेटणारा घोडं दामटतो. त्याला त्यातून एक पैसा मिळत नसेल, तर तुंबडी भरली असं म्हणता येणार नाही.

तुंबडी म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, बैरागी-गोसाव्यांचं भिक्षेचं आणि पाण्याचं पात्र. तोंड लहान आणि पोट मोठं, म्हणून आत किती गेलं ते बाहेरून दिसत नाही. वाक्प्रचाराला ही आकृती चपखल बसते : ‘रस्त्याच्या कामात ठेकेदाराने आपली तुंबडी भरली.’ रक्त काढायला तुंबड्या लावत, ती तुंबडी निराळ्या कामाची. एखादा विद्यार्थी रक्त शोषण्याशी संबंध जोडेल, त्याला हा फरक सांगावा.

पोळीला एक अट आहे : आग दुसऱ्याची हवी. दोन गटांत भांडण पेटलंय आणि तिसऱ्याने त्यात आपलं काम उरकलं, तर त्याने पोळी भाजून घेतली. स्वतःच्या दुकानात स्वतः खपून कुणी चार पैसे मिळवले तर त्याला हा वाक्प्रचार लावणं अन्याय. पोळीवर तूप ओढून घेणं वेगळं. तिथे आग लागत नाही, पण तूप सगळ्यांच्या वाटणीचं असतं. गंगेत हात धुऊन घेणारा या सगळ्यांत सौम्य. पाणी वाहतंच आहे, त्याने कुणाचं फारसं काही नेलं नाही. (लेखन ‘धुऊन’. धातू ‘धु’ आहे, त्यात व नाही. जेव–जेवून, ठेव–ठेवून यांत तो आहे.)

आता या तिन्ही ठिकाणचं ‘घेणे’ पाहा. भाजून घेतली, ओढून घेतलं, धुऊन घेतले. उत्तरपत्रिकांत हमखास होणारी चूक इथलीच : ‘त्याने आपली पोळी भाजली.’ घेणे गेलं आणि वाक्प्रचार मेला. उरली फक्त स्वयंपाकाची बातमी. मराठीत क्रियेचं फळ कुणाकडे गेलं ते या शेवटच्या क्रियापदावरून समजतं. ‘भाजी चिरून दे’ म्हटलं की भाजी दुसऱ्याच्या उपयोगाची, ‘चिरून घे’ म्हटलं की आपल्या. करणारा वेगळा असला तरी चालतं. ‘डॉक्टरांकडून तपासून घे’ यात मेहनत डॉक्टरांची, फळ तुमचं. ‘सही करून घे’ हे वाक्य तर दोन्ही बाजूंनी वाचता येतं : स्वतः सही कर, किंवा साहेबांकडून सही मिळव. कार्यालयात यावरून फायली अडतात. ‘साहेबांची सही घे’ असं सरळ सांगावं.

संस्कृतला हेच काम क्रियापदाच्या टोकाशी करता येत होतं. ‘पचति’ म्हणजे शिजवतो, ‘पचते’ म्हणजे स्वतःसाठी शिजवतो. ‘यजति’ हे यजमानासाठी यज्ञ करणाऱ्या पुरोहिताचं, ‘यजते’ हे स्वतः यजमानाचं. पाणिनीने यावर सूत्र दिलंय. दुसऱ्यासाठीचं ते परस्मैपद, स्वतःसाठीचं ते आत्मनेपद, ही नावं त्यातूनच आली. पुढच्या वाङ्मयात हा भेद फार कसोशीने पाळलेला दिसत नाही, आणि ज्या धातूंना एकच पद आहे तिथे तो मुळातच नाही.

‘घेणे’ म्हणजे स्वार्थ, असं समीकरण मात्र मुलांना शिकवू नका. सांभाळून घेणे, सोसून घेणे, समजून घेणे, दुसऱ्याची चूक स्वतःवर ओढून घेणे, ही सगळी घेण्याचीच रूपं. तूपही ओढून घेतात आणि दोषही ओढून घेतात. काय ओढलं ते पाहून अर्थ लावायचा.

इथे मराठी शाळेत मुलं ‘मी आणि आई’ म्हणतात. मुख्य शाळेत त्यांना इंग्रजीत स्वतःचं नाव शेवटी घ्यायला शिकवलं जातं. मराठीतही तोच नियम आहे का? — एक वाचक, न्यू जर्सी

मराठीत असा नियम नाही. ‘मी नि आई बाजारात गेलो’ हे निर्दोष आहे आणि त्यात उद्धटपणाही नाही. क्रम कुठलाही असला तरी ‘मी’ आला की क्रियापद त्याच्या बाजूने जातं : ‘तू आणि मी जाऊ’, ‘तो आणि मी आलो’. मुलांकडून घोटवून घ्यायचं ते प्रत्ययाचं. ‘आई आणि मला बोलावलंय’ ही खरी चूक. ‘आईला आणि मला बोलावलंय’ असं दोन्हीकडे प्रत्यय लावून म्हणायला हवं.

रिवाज मात्र आहे. निमंत्रणपत्रिकेत, आभारात, श्रेय देताना वडीलधारे आणि इतर आधी, आपण मागून. चुकीची कबुली देताना उलट : ‘मी आणि माझे सहकारी’.

आणखी एक गंमत मुलांना सांगा. संस्कृत व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे ‘तो’. ‘तू’ मध्यम आणि ‘मी’ उत्तम, म्हणजे अखेरचा. संस्कृतची रूपं म्हणतानाही आपण ‘गच्छति’पासून सुरुवात करतो. शालेय मराठी व्याकरण इंग्रजीच्या वळणाने गेलं, म्हणून इथे ‘मी’ प्रथमपुरुष झाला. म्हणजे वाक्यात ‘मी’ शेवटी ठेवा म्हणणाऱ्या इंग्रजीनेच व्याकरणात त्याला पहिल्या पाटावर बसवलं!

‘मी’पेक्षा मुलांना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जपायला शिकवा. पाहुण्यासमोर ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हटलं तर पाहुणा उपाशी. ‘आपण बसूया’ म्हटलं की त्याचं पान मांडलं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने तिथे वाढलेली मुलं इथे हमखास अडखळतात.

आमच्या वर्गातली पाच वर्षांची मुलं खेळणी देत नाहीत. अहवालात ‘आत्मकेंद्री’ लिहावं की ‘स्वमग्न’? — एक बालवाडी शिक्षिका, ठाणे

स्वमग्न मुळीच लिहू नका. स्वमग्नता हे मराठीत ऑटिझमचं रूढ नाव आहे, आणि ते निदान तज्ज्ञाने करायचं असतं. शिक्षिकेच्या अहवालातल्या एका शब्दाने पालकांची झोप उडेल. गर्विष्ठ किंवा स्वार्थी माणसाला टोमणा म्हणूनही तो शब्द वापरू नये. स्वमग्न मुलाच्या वागण्याचा स्वार्थाशी काही संबंध नसतो. कवी विचारात बुडालाय असं म्हणायचं असेल तर आत्ममग्न आहेच.

आत्मकेंद्री हा शब्द बालमानसशास्त्रात दोषारोप म्हणून येत नाही. पियाजेने दोन ते सात वर्षांच्या टप्प्यातल्या मुलांच्या विचाराला तो लावला. मला जे दिसतं तेच समोरच्यालाही दिसतं, असं त्या वयात वाटतं. मूल फोनवर मान हलवून ‘हो’ म्हणतं, आणि पलीकडच्या आजीला ती मान दिसत नाही हे त्याच्या ध्यानात येत नाही. हे आत्मकेंद्री. खेळणं घट्ट धरून ठेवणं हे त्या वयात सर्रास होतं, त्याला विशेषणच नको. ‘वस्तू वाटून घ्यायला अजून वेळ लागतो’ असं लिहा. पालकांना ते समजेल आणि काय करायचं तेही सुचेल.

जाता जाता, आत्मन् हा शब्द प्राकृतात ‘अप्प’ झाला आणि मराठीत ‘आप’, ‘आपण’, ‘आपला’ ही त्याचीच पिलावळ. म्हणजे मानसशास्त्राचा आत्मकेंद्री आणि स्वयंपाकघरातला अप्पलपोटा, दोघांचं पहिलं पद एकच.

इथे हिंदीच्या सहवासात ‘मतलबी’, ‘खुदगर्ज’ कानावर पडतात. मराठीत त्यांना काय म्हणावं? — एक वाचक, इंदूर

‘मतलबी’ मराठीतही आहे. मतलब मूळ अरबी, मागणे-शोधणे या अर्थाच्या धातूपासून. चहाची तलब त्याच धातूची. हिंदीत मतलब म्हणजे मुख्यतः ‘अर्थ’. मराठीत ‘यात त्याचा काही मतलब असेल’ म्हटलं की ‘हेतू’, तोही जरा संशयास्पद. पूर्ण शब्द ‘आपमतलबी’. तो ‘स्वार्थी’शी पद लावून ताडून पाहा : स्व तसा आप, आणि अर्थ तसा मतलब. एकच साचा, एकदा संस्कृतात ओतलेला आणि एकदा मराठी-अरबीत. तरी कानाला फरक पडतोच. आपमतलबी जास्त धूर्त वाटतो. गोव्यात कोकणीत ‘आपसुवार्थी’ म्हणतात. त्यात ‘आप’ही आहे आणि ‘स्व’ही, म्हणजे स्वतःला दोनदा वाढून घेतलंय.

‘खुदगर्ज’शी जपून. तिथली गरज म्हणजे हेतू, स्वार्थ. मराठीत गरज म्हणजे निकड, आणि गरजू म्हणजे ज्याला मदत करायला हवी तो. घाईत भाषांतर करणारे खुदगर्जचा ‘गरजू’ करतात आणि खलनायकाला शिष्यवृत्ती मिळते. ‘स्वार्थी’ किंवा ‘आपमतलबी’ लिहा. मराठी गरजेला स्वार्थाची छटा येते ती ‘गरज सरो, वैद्य मरो’ अशा म्हणीत.

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण टीकेची की समर्थनाची? — एक वाचक, मडगाव

कोण म्हणतंय त्यावर आहे. दुसऱ्याबद्दल म्हटली तर टीका, स्वतःबद्दल म्हटली तर सबब. कीर्तन सोडून जेवायला उठणारा हसत हसत स्वतःच ती म्हणतो आणि कुणी रागवत नाही. पोटाला ‘बा’ लावून विठोबाच्या ओळीत बसवलं, त्या विनोदाने धार बोथट झाली. ‘आधी शिदोरी, मग जेजुरी’ हीसुद्धा याच सुरातली. तिच्यात थोडा व्यवहारही आहे, गड चढायचा तर बरोबर खायला हवं. या घडणीचं दुसरं टोक म्हणजे १६७० च्या कोंढाण्याच्या स्वारीच्या वेळी तानाजी मालुसऱ्यांच्या तोंडी परंपरेने घातलेलं ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं’. ‘आधी–मग’ तेच, फक्त ‘आधी’च्या जागी पोटाऐवजी गड आला. म्हणून ‘आधी स्वतः’ म्हणणारी म्हण लिहिताना तिचा ‘मग’ गाळू नये. नुसतं ‘आधी पोटोबा’ अप्पलपोटं वाटतं. ‘मग विठोबा’ आला की निदान रांगेत कुणीतरी उभं आहे, हे दिसतं.

सरकारी परिपत्रकाच्या भाषांतरात ‘संबंधित अधिकाऱ्याचा स्वार्थ नसावा’ असं लिहिलं, तर वरिष्ठांनी लाल रेघ मारली. का? — एक वाचक, मुंबई

रेघ बरोबर आहे. तिथे मुद्दा स्वभावाचा नसून संबंधाचा आहे. ठेकेदार मेहुणा असेल तर अधिकारी कितीही सज्जन असला तरी त्याचे ‘हितसंबंध’ गुंतलेले आहेत. स्वार्थ म्हटलं की त्याच्यावर आरोप होतो, हितसंबंध म्हटलं की फक्त स्थिती नोंदली जाते. ‘या निविदेत अधिकाऱ्याचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावेत’ असं लिहा. ‘स्वारस्य’ हा तिसराच शब्द. ते कंपन्यांनी दाखवायचं असतं, निविदा भरण्याआधी. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.